दिवस मोजायचे, तर नीट मोजा

"पाळी झाली की आठ दिवस जपायचं, मग काय भीती न्हाई." करवीर, कागल, शिरोळ अशा कुठल्याही तालुक्यातल्या उपकेंद्रावर थोडा वेळ बसलात तर हा हिशेब कानावर पडेल. राजारामपुरीतल्या शिकल्यासवरल्या घरांतही तो असतो, फक्त भाषा जरा शहरी असते. हिशेब सोपा आहे, फुकट आहे आणि बरोबर उलटा आहे. पाळी पाच दिवस चालली, पुढचे आठ दिवस जपले, की जोडपं निर्धास्त होतं ते चौदाव्या दिवशी. अठ्ठावीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचं बीज सुटतं ते नेमकं त्याच सुमाराला.

गोळ्या नकोत, तांबी नको, ऑपरेशन तर इतक्यात नकोच, असं म्हणणारी जोडपी आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं वेडगळ नाही. पण दिवस मोजणं ही शिकावी लागणारी पद्धत आहे आणि ती सगळ्यांना लागू पडत नाही. कुणाला पडते, कुणाला नाही, आणि नाही पडली तर दुसरं काय, ते इथे सांगायचं आहे.

मुळातली गोष्ट थोडक्यात अशी. दर महिन्याला एक स्त्रीबीज सुटतं आणि ते जेमतेम बारा ते चोवीस तास टिकतं. पुरुषाचे शुक्राणू मात्र आत पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. त्यामुळे दिवस राहू शकतात ते बीज सुटण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच, असे महिन्यातून सहाच दिवस. बाकीचे दिवस खरोखरच मोकळे असतात. अडचण ही की हे सहा दिवस कुठले, ते आधी कळत नाही. बीज सुटतं ते पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी. मागच्या पाळीपासून चौदाव्या दिवशी नव्हे. अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात दोन्ही हिशेब एकाच तारखेला येतात, म्हणून घोटाळा लक्षात येत नाही. पस्तीस दिवसांनी पाळी येणारीचं बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं, चोवीस दिवसांनी येणारीचं दहाव्या. पुढची पाळी कधी येणार हे पक्कं ठाऊक असेल तरच मागे मोजता येतं. पाळी इकडे-तिकडे होणाऱ्या बाईला ते कसं ठाऊक असणार?

हा गोंधळ फक्त आपल्याच बायकांचा, असं समजू नका. एकोणिसाव्या शतकात युरोपातले नामांकित डॉक्टरही पाळीच्या आसपासचे दिवस धोक्याचे आणि मधले दिवस सुरक्षित असं छातीठोकपणे सांगत होते. त्यांच्या सल्ल्यावर किती पाळणे हलले असतील, देव जाणे. खरा हिशेब लागला तो जपानच्या क्यूसाकू ओगिनो यांनी १९२४ मध्ये आणि ऑस्ट्रियाच्या हेरमान क्नाउस यांनी १९२८ च्या सुमारास स्वतंत्रपणे केलेल्या अभ्यासातून. आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते त्याही आधी, १९२१ मध्ये. 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी जुलै १९२७ मध्ये सुरू केलं, त्यापायी अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. कोल्हापूरकरांना फारसं आठवत नाही ते आणखी एक नाव म्हणजे ना. सी. फडके. राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या या कादंबरीकाराचं भारतातल्या लैंगिक प्रश्नावरचं इंग्रजी पुस्तक १९२७ मध्ये निघालं आणि त्याला प्रस्तावना होती अमेरिकेच्या मार्गारेट सँगर यांची. त्या पुस्तकातला सुप्रजननाचा आग्रह आज पटण्यासारखा नाही. पण शंभर वर्षांपूर्वी या गावातला एक प्राध्यापक हा विषय उघडपणे मांडत होता, आणि आज आपण मेडिकलच्या दुकानात आजूबाजूला कुणी नाही ना हे पाहून मगच तोंड उघडतो.

याच सँगरबाई डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गांधीजींचा साधनांना विरोध होता. त्यांचा मार्ग संयमाचा. फार तर महिन्यातल्या सुरक्षित दिवसांपुरती सूट त्यांना त्यातल्या त्यात सुसह्य वाटली, कारण उरलेल्या दिवसांत संयम ठेवावा लागतोच. स्वातंत्र्यानंतर आरोग्यमंत्री झालेल्या राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्याच वळणाच्या. त्यामुळे १९५२ च्या सुमारास सरकारी पातळीवर पहिला प्रयोग झाला तो दिवस मोजण्याचाच. जागतिक आरोग्य संघटनेतर्फे आलेल्या डॉ. अब्राहम स्टोन यांच्या सल्ल्याने दिल्लीत आणि म्हैसूर राज्यातल्या रामनगरमला बायकांना ही पद्धत शिकवली गेली. रामनगरमला तर रंगीत मण्यांच्या माळा वाटल्या. रोज एक मणी सरकवायचा आणि रंग पाहून ठरवायचं. प्रयोग फसला. माळ गळ्यात असली की पुरे, असं बायकांना वाटलं वगैरे गमतीच्या गोष्टी पुढे बऱ्याच सांगितल्या गेल्या. त्यात बायकांना हसण्यासारखं मला काही दिसत नाही. मण्याचा रंग बाईला कळत होता. तो रंग पाहून थांबायचं होतं नवऱ्याला, आणि त्याच्या हातात माळ कुणी दिली नव्हती.

मोजायचं कसं

आता पद्धतीकडे येऊ. सगळ्यात जुनी ती कॅलेंडरची. किमान सहा, खरं म्हणजे बारा पाळ्यांच्या तारखा लिहून ठेवायच्या. पाळीचा पहिला दिवस तो एक नंबरचा. संपल्याचा दिवस हिशेबात घ्यायचाच नाही. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत किती दिवस झाले ते पाहायचं. या नोंदींतल्या सगळ्यात लहान आकड्यातून अठरा वजा करायचे आणि सगळ्यात मोठ्यातून अकरा. समजा लहानात लहान चक्र सव्वीस दिवसांचं आणि मोठ्यात मोठं एकतीसचं. मग आठव्या दिवसापासून विसाव्या दिवसापर्यंत, दोन्ही दिवस धरून, संबंध टाळायचा. झाले तेरा दिवस. आपल्याकडे बहुतेक घरांत पाळीचे दिवसही टाळतात. ते पाच धरले की अठरा. हे आकडे नवऱ्याला आधी दाखवा. एका चक्रात आठ ते तेरा दिवसच उरतात हे कळल्यावरही तो तयार असेल, तरच पुढे जाण्यात अर्थ आहे.

याचीच सोपी आवृत्ती अमेरिकेतल्या जॉर्जटाऊन विद्यापीठात तयार झाली. पाळी दर वेळी सव्वीस ते बत्तीस दिवसांच्या आत येत असेल तर वजाबाकीची गरज नाही; आठव्यापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंत सरसकट टाळायचं. लक्षात ठेवायला बत्तीस मण्यांची माळ असते, आपल्याकडे ती माला चक्र नावाने आली. रामनगरमची माळ पन्नास वर्षांनी सुधारून परत आली म्हणा. शंभर जोडप्यांनी वर्षभर अगदी नियमाने ही पद्धत पाळली तर पाच जणींना दिवस जातात. माणसं प्रत्यक्षात जशी पाळतात तशी पाळली तर बारा जणींना.

तारखा बऱ्याच घरांत लिहिलेल्या असतात. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाच्या खाड्यांशेजारी एक बारीक टिंब असतं, ते कशाचं हे घरातल्या पुरुषांना माहीत नसतं एवढंच. पण त्या टिंबांत एक फसगत आहे. गौरी-गणपती, नवरात्र, घरातलं लग्न, जोतिबाची यात्रा आली की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. ज्या चक्रात त्या घेतल्या त्याचा आकडा हिशेबात धरायचा नाही, आणि त्या वेळी मोजलेले दिवस सुरक्षितही मानायचे नाहीत. या गोळ्यांनी गर्भ राहत नाही असाही एक समज आहे. त्या कामासाठी त्या नाहीत. संबंधानंतर घ्यायच्या आणीबाणीच्या गोळीनेही पाळीची तारीख हलते. मोठा ताप, घरातलं दुःख, एकदम वजन उतरणं, परीक्षा किंवा बदलीचा ताण यांनीही बीज सुटणं पुढे जातं. मोबाइलमधली अ‍ॅप मागच्या सरासरीवर पुढची तारीख सांगतात. या महिन्यात तुम्हाला टायफॉइड झाला होता हे अ‍ॅपला कुठून कळणार?

दुसरी पद्धत स्रावाची. ऑस्ट्रेलियातल्या जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्याच्या नावाने ती ओळखली जाते. पाळी झाल्यावर काही दिवस अंग कोरडं असतं, मग चिकट, धूसर स्राव येतो. बीज सुटण्याच्या सुमारास तो अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक होतो, दोन बोटांत ताणला तर तुटत नाही, आणि नंतर पुन्हा घट्ट होतो. ओलसरपणा सुरू झाल्यापासून तो ताणणारा स्राव संपून चौथा दिवस उजाडेपर्यंत टाळायचं. ही पद्धत लिहिता-वाचता न येणारीलाही येते, फक्त शिकवणारं कुणीतरी हवं आणि पहिले दोन-तीन महिने पूर्ण संयम किंवा निरोध हवा. पण अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार असलेल्या बाईला ती वापरता येणार नाही. खाज, दुर्गंधी, दह्यासारखा किंवा हिरवट स्राव असेल तर तो जंतुसंसर्ग आहे. आधी त्यावर उपचार. लाजेपोटी वर्षानुवर्षं पांढरं अंगावर काढणाऱ्या बायका किती असतात, हे कुठल्याही डॉक्टरीणबाईंना विचारा.

तिसरी पद्धत तापमानाची. सकाळी डोळे उघडल्यावर अंथरुणातून उठायच्या आत, रोज एकाच वेळी, दोन दशांशांपर्यंत दाखवणाऱ्या थर्मामीटरने तापमान घ्यायचं. बीज सुटल्यावर ते साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सियसने चढतं. चढलेलं तापमान सलग तीन दिवस टिकलं की पुढची पाळी येईपर्यंत मोकळीक. स्राव आणि तापमान दोन्ही मिळून पाहिलं तर ही पद्धत चांगली भरवशाची ठरते. नीट शिकून नियमाने पाळणाऱ्या शंभर जोडप्यांत वर्षाला एखादीही फसत नाही, असे जर्मनीतल्या अभ्यासाचे आकडे आहेत. मात्र त्यासाठी बाईला रात्रीची सलग झोप हवी. इचलकरंजीत यंत्रमागावर आठवड्याला पाळी बदलून कामाला जाणारं जोडपं, नाइट ड्युटीची नर्स, चार वाजता धारा काढायला उठणारी आणि रात्री तान्ह्या मुलासाठी तीनदा जागणारी बाई, यांच्या थर्मामीटरवर काय विश्वास ठेवायचा? आणि हंगामात बीडकडून आपल्या साखर कारखान्यांच्या फडावर येणाऱ्या ऊसतोडणी मजूर बायकांना, ज्यांना कोपीत धड आडोसा नाही, त्यांना तापमानाचा तक्ता सांगणं ही थट्टा होईल.

ऐन वेळी पुरुषाने बाजूला होणं हेही पुष्कळजण नैसर्गिक पद्धतीतच धरतात. आधी येणाऱ्या ओलाव्यातही शुक्राणू असू शकतात आणि सगळा भार त्या क्षणाच्या शुद्धीवर असतो. वर्षाला शंभरातल्या वीस जणी यात फसतात. काहीच नसण्यापेक्षा बरं, इतकंच म्हणेन.

बाळंतिणीसाठी

नैसर्गिक पद्धतींतली आणखी एक भरवशाची पद्धत अंगावर पाजण्याची आहे, आणि आपल्याकडे तिचीच सगळ्यात जास्त मोडतोड होते. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, पाळी अजून आलेली नाही, आणि बाळ केवळ आईच्या दुधावर आहे, या तिन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या असतील तर दिवस राहण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षा कमी. १९८८ मध्ये इटलीतल्या बेलाजिओ इथे जमलेल्या तज्ज्ञांनी हा निष्कर्ष काढला आणि तो पुढे टिकला. केवळ आईच्या दुधावर म्हणजे दिवसा चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड नाही, आणि वरचं काहीही नाही.

काहीही नाही म्हणजे बाळगुटीसुद्धा नाही. मध, पाणी, ग्राइप वॉटर, "माझं दूध पुरत नाही" म्हणून सुरू केलेली दुधाची बाटली, यातलं काहीही आलं की पाजणं कमी होतं आणि बीजाला अडवणारा संप्रेरकांचा अडसर सैल होतो. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तीन-चार महिने तिथेच जातात. त्या काळात आजी गुटी उगाळून मोकळी होते आणि मुलगी सासरी येते ती "अजून पाळी आली नाही, म्हणजे काही भीती नाही" या समजुतीने. बाळंतपणानंतरचं पहिलं बीज पहिल्या पाळीच्या आधीच सुटू शकतं. म्हणजे पाळीची वाट पाहत बसलेल्या बाईला पाळी न येताच पुन्हा दिवस जाऊ शकतात. मांडीवरचं मूल आठ महिन्यांचं आणि पोटात दुसरं, हे बहुधा असंच घडतं. बाळ पाच महिन्यांचं झालं की पुढची सोय ठरवून ठेवा. दोन बाळंतपणांत अंतर राहावं म्हणून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत पुन्हा दिवस राहू देऊ नयेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे; सिझेरियन झालेलीने तो जास्तच मनावर घ्यावा.

बाकीच्या साधनांशी तुलना

काहीच न वापरणाऱ्या शंभर तरुण जोडप्यांत वर्षभरात पंचाऐंशी जणींना दिवस जातात. त्या तुलनेत रोजच्या वापरातले आकडे पाहा. दिवस मोजण्याच्या निरनिराळ्या पद्धतींत दोनपासून तेवीसपर्यंत, पद्धत कुठली आणि शिस्त किती यावर. निरोध तेरा, रोजच्या गोळ्या सात, तीन महिन्यांचं इंजेक्शन चार. तांबी आणि नसबंदी, बाईची असो वा पुरुषाची, एकपेक्षा कमी. हे आकडे अमेरिकेतले आहेत, तरी क्रम इथेही तोच. जे साधन रोज आठवावं लागत नाही ते कमी फसतं.

म्हणून साधन निवडताना मी पहिला प्रश्न वेगळा विचारायला सांगेन: यंदा दिवस गेले तर काय होईल? "गेले तर गेले, एक-दोन वर्षांनी हवंच होतं" असं उत्तर येत असेल, पाळी नियमित असेल आणि नवरा ऐकणारा असेल, तर दिवस मोजायला काहीच हरकत नाही. त्यात खर्च नाही, अंगावर परिणाम नाही, स्वतःच्या शरीराची ओळख होते आणि हाच हिशेब पुढे मूल हवं असताना उलटा वापरता येतो. ज्यांना धर्माच्या कारणाने साधनं नकोत त्यांच्यासाठी, उदाहरणार्थ वसई किंवा गोव्यातल्या श्रद्धाळू कॅथलिक घरांसाठी, हीच वाट उघडी आहे आणि ती नीट शिकून चालावी. पण फिट्सची औषधं चालू आहेत, हृदयाचा आजार आहे, रक्त फार कमी आहे, नुकतंच सिझेरियन झालं आहे, किंवा घरात आणखी एक तोंड परवडणारच नाही, अशा वेळी शंभरात बाराचा धोका फार मोठा आहे. फिट्सच्या काही गोळ्या तर गर्भाला घातक असतात. नैसर्गिक म्हणून निर्धोक, असं म्हणणाऱ्याने नको असलेलं बाळंतपण बाईच्या अंगावर काय करतं, तेही मोजावं. बाहेरख्याली नवरा किंवा गुप्तरोगाची शंका असेल तर दिवस मोजून काहीच वाचत नाही. तिथे निरोधच.

पाळी अनियमित असलेली, पीसीओएस असलेली, नुकतीच वयात आलेली आणि चाळिशी ओलांडून पाळी जाण्याच्या वाटेवर असलेली बाई, यांनीही कॅलेंडरच्या भरवशावर राहू नये.

सरकारी दवाखान्यात काय मिळतं ते आता सांगते. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि शहरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, यांपैकी तुम्हाला जवळ असेल तिथून सुरुवात करा. पुढे सांगितलेली साधनं तिथे मोफत असतात. माला-एन या रोजच्या गोळ्या आहेत. अंगावर पाजणारीने बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत त्या घेऊ नयेत. रक्तदाब, अर्धशिशी, पायात रक्ताची गाठ झालेली असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं, आणि क्षयाचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर त्या गोळ्यांचा भरवसा धरू नये. छाया ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली गोळी. तिच्यात हार्मोन नाही, पाजणाऱ्या आईलाही चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. पाळी लांबते, त्याने घाबरायचं नाही. मात्र छाया घेत असताना कॅलेंडरचा हिशेब करू नका. अंतरा हे तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. पाळी अधूनमधून डागापुरती येते किंवा बंदच होते. घाण रक्त आत साठतं ही भीती निराधार आहे. अस्तर वाढतच नाही, तर साठणार काय? हे इंजेक्शन थांबवल्यावर पुन्हा दिवस राहायला काही महिने जातात, तेवढं धरून चाला. गावोगाव हिंडावं लागणाऱ्या बायकांना ते सोयीचं. कार्ड जवळ ठेवलं की पुढचं इंजेक्शन दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रातही घेता येतं.

तांबीबद्दलच्या अफवा तर विचारू नका. ती काळजापर्यंत चढते, नवऱ्याला टोचते, कॅन्सर करते. गर्भाशय ही बंद पिशवी आहे, तिथून काळजाकडे वाट नाही. पहिले तीन-सहा महिने पाळीला रक्त जास्त जातं आणि पोट दुखतं, हे मात्र खरं. रक्त आधीच कमी असलेलीने विचार करून बसवावी. एक प्रकार पाच वर्षं चालतो, दुसरा दहा. बाळंत झाल्यावर अठ्ठेचाळीस तासांच्या आत दवाखान्यातच बसवून घेता येते आणि हवी तेव्हा काढता येते. ज्यांना गोळीची आठवण राहत नाही आणि ऑपरेशनही नको आहे त्यांना मी डोळे झाकून तांबीच सुचवेन. असुरक्षित संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर ती आणीबाणीचा उपाय म्हणूनही चालते. आणीबाणीची गोळी बहात्तर तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. पण दर महिन्याचं साधन म्हणून ती घेऊ नका.

पुरुषांसाठी

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांची नसबंदी झालेली आढळली. पुरुषांच्या नसबंदीवर विसंबलेल्या स्त्रिया शंभरात एकही भरत नाहीत. खरं तर पुरुषाचं ऑपरेशन लहान आहे. बिनटाक्याच्या पद्धतीत एक बारीक छिद्र, भूल तेवढ्याच जागेपुरती, त्याच दिवशी घरी, दोन दिवस विश्रांती. बाईचं ऑपरेशन, दुर्बिणीचं असलं तरी, पोटाला छेद देऊन आत जाणारं. मग उलट का होतं? एक कारण १९७६ चं आहे. आणीबाणीत महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. पण त्या एका वर्षात देशभर ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यांत बहुसंख्य पुरुषांच्या, आणि धसका राहिला तो राहिलाच.

दुसरं कारण तालमीच्या गावात सांगायला नको. ताकद जाते. ती जात नाही. बांधली जाते ती शुक्राणू वाहणारी बारीक नळी. पुरुषी संप्रेरक रक्तात जातात, नळीतून नव्हे, त्यामुळे इच्छा, ताठरता, दाढी-मिशा, दंड-बैठका सगळं जसंच्या तसं. एकच पथ्य: नळीत आधीचे शुक्राणू उरलेले असतात म्हणून पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. हे न सांगितल्यामुळे किंवा न ऐकल्यामुळे बायकोला दिवस गेले आणि तिच्यावर संशय घेतला गेला, अशी प्रकरणं होतात.

दिवस मोजण्याचा आणखी एक वापर चोरून चालतो, त्याबद्दल न लिहून चालणार नाही. सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी, हे स्मृतिग्रंथांतलं गणित सांगणारी पुस्तकं अजून विकली जातात. त्याला काडीचाही आधार नाही. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या, २०११ मध्ये ८६३. सम रात्रींनी असं होत नसतं. ते कशाने झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मुलगा होईपर्यंत कुठलंच साधन नको म्हणणाऱ्या घरात नैसर्गिक पद्धत म्हणजे बहुतेक वेळा सुनेला वाट पाहायला लावणं असतं.

शेवटी, सगळी काळजी घेऊनही तारीख चुकली तर. आठवडाभर थांबा आणि आशाताईंकडचं निश्चय किट आणून सकाळच्या पहिल्या लघवीने तपासा. कच्ची पपई, गुळाचा काढा, गरम औषधं यांच्या नादी लागू नका. मेडिकलमधून गोळ्या आणून घरच्या घरी गर्भ पाडायला तर मुळीच जाऊ नका. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही आणि आत रक्तस्राव होऊन जीवावर बेतू शकतं. गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक साधन फसलं, हे कारण लग्न झालेल्या-न झालेल्या प्रत्येक स्त्रीसाठी ग्राह्य आहे, आणि वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. नाव गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. अठरा वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. नवऱ्याची सही लागत नाही.